रविवारची गोळी

लिफ्टवाला : बारा तारीख. किती लिहू?

दातवाली : कशाचं किती?

लिफ्टवाला : तासांचं. किती तास जागी होतीस ते. बारा तारखेपासूनचा तक्ता कोरा पडलाय, मी त्या बारा मजली इमारतीच्या लिफ्टच्या दुरुस्तीत अडकलो होतो. आज पाचला दवाखान्यात पोचायचंय आणि डॉक्टर आपण बसायच्या आधीच तक्ता मागतात.

दातवाली : लिही अंदाजपंचे.

लिफ्टवाला : अंदाजपंचेच लिहायचं असतं तर आखला कशाला असता? फुटपट्टी घेऊन दोन तास बसलो होतो मी. बारा तारीख, मंगळवार. सकाळी सहाला उठलीस, सातला गोळी घेतलीस. संध्याकाळी तू लॅबमधून आलीस तेव्हा मी घरी नव्हतो.

दातवाली : साडेसातला आले. साहेबांनी निघता निघता आणखी दोन कवळ्या हातात दिल्या, मेणात दात बसवून पाहिजे होते. रात्री अकराला अंथरुणावर पडले.

लिफ्टवाला : म्हणजे सतरा तास. मधे डुलकी?

दातवाली : नाही.

लिफ्टवाला : शून्य. वा. चेहरा?

दातवाली : चेहरा काय?

लिफ्टवाला : चेहऱ्याचा रकाना आहे ना. हसरा असला तर बरोबरची खूण, रडका असला तर फुली, धड ना हे धड ना ते असलं तर ठिपका.

दातवाली : तू तर घरी नव्हतास. मग माझा चेहरा कोणी बघितला?

लिफ्टवाला : चिंगीने. तिला विचारून ठेवलंय मी. ती म्हणाली, आई मजेत होती, माझा पोहायचा पोशाख दोरीवर घालताना गुणगुणत होती.

दातवाली : हात खांद्याच्या वर गेला की कळ येते, तेव्हा मी गुणगुणते. म्हणजे तोंडातून दुसरं काही बाहेर पडत नाही.

लिफ्टवाला : मग ठिपका देऊ?

दातवाली : खूण दे. तिने मजेत बघितलंय ना, मग खूणच दे.

लिफ्टवाला : तेरा तारीख.

दातवाली : बाराचंच उतरवून काढ. चौदा, पंधरा, सोळा, सगळं तेच. दाखव जरा इकडे तो कागद.

लिफ्टवाला : चुरगळू नकोस, फाईलला लावायचाय.

दातवाली : ह्यात एक रकाना कमी आहे.

लिफ्टवाला : कुठला? तारीख, गोळी, तास, डुलकी, चेहरा. पाचच्या पाच आहेत.

दातवाली : सहा होते. पहिल्या पानांवर डुलकीनंतर दुखणं होतं. दहापैकी किती, ते रोज संध्याकाळी तू मला विचारायचास.

लिफ्टवाला : हां, ते. ते मी काढलं.

दातवाली : कधी?

लिफ्टवाला : झाले की चार महिने. तिसरा महिना लागला तेव्हा.

दातवाली : आणि का?

लिफ्टवाला : अगं, रोज आठ. हे बघ जुनं पान, तुझ्यासमोरच आहे. आठ, आठ, आठ, एक दिवस साडेआठ, परत आठ. जे हलत नाही ते रोज काय लिहायचं? आमच्या नोंदवहीत दोराची झीज लिहितो, ब्रेकचं अंतर लिहितो, कारण ते बदलतं. इमारत किती मजली आहे ते कोणी रोज लिहीत नाही. आणि खरं सांगायचं तर चेहऱ्याचा रकाना फार अरुंद होत होता, खूण नीट बसत नव्हती.

दातवाली : चेहऱ्याला जागा पाहिजे होती.

लिफ्टवाला : आता तेवढंच धरून बसू नकोस.

दातवाली : डॉक्टरांनी विचारलं नाही, तो रकाना कुठे गेला म्हणून?

लिफ्टवाला : नाही.

दातवाली : एकदाही नाही?

लिफ्टवाला : ते म्हणाले, तक्ता आता छान सुटसुटीत झालाय.

दातवाली : म्हणजे ह्या कागदावर चार महिने मला काहीच दुखत नाहीये. मी नुसती जागी आहे आणि खुशीत आहे.

लिफ्टवाला : तुझं दुखणं सगळ्या जगाला माहितेय. जुन्या फाईलमध्ये जाडजूड अक्षरात लिहिलंय, फायब्रोमायल्जिया. सात वर्षं झाली. रक्त तपासलं, हाडं तपासली, नसा तपासल्या, कुठेच काही सापडलं नाही आणि सगळीकडे दुखतं. डॉक्टर ते विसरतील का?

दातवाली : तू विसरलास की. फुटपट्टी दे. मी रकाना आखते.

लिफ्टवाला : आता? आज?

दातवाली : दे इकडे.

लिफ्टवाला : थांब. माझं ऐकून घे, मग काय आखायचं ते आख. मागच्या वेळी ते काय म्हणाले आठवतंय? ही जागं ठेवायची गोळी मुळात तुझ्या आजाराची नाही. तुझी दिवसाची झोप आवरत नव्हती म्हणून त्यांनी देऊन बघितली, आणि म्हणाले, सहा महिन्यांनी ठरवू, चालू ठेवायची की बंद करायची. ते सहा महिने आज भरतात. तू आज त्या कागदावर आठ-आठ-आठ लिहून दिलंस तर ते म्हणतील, फरक नाही, बंद करा. मग?

दातवाली : मग काय?

लिफ्टवाला : मग परत ते सगळं.

दातवाली : ते सगळं म्हणजे मी झोपलेली.

लिफ्टवाला : हो. तू झोपलेली. तुला त्या तीन वर्षांतलं काही आठवत नाही, कारण तू झोपली होतीस. मला आठवतं. चिंगी शाळेतून यायची, दप्तर हळूच ठेवायची आणि तुझ्या उशाशी बसून गृहपाठ करायची. तुला जाग येऊ नये म्हणून धडे पुटपुटत वाचायची. तिच्या बाईंनी एकदा मला बोलावून घेतलं आणि विचारलं, हिला घशाचं काही आहे का, वर्गात आवाजच निघत नाही. मी काय सांगणार? आम्ही दोघं ह्या टेबलाशी बसून जेवायचो आणि ताटावर चमचा आपटला तरी एकमेकांकडे बघायचो.

दातवाली : माहितेय मला.

लिफ्टवाला : आणि लॅबमधलं? मेण तापवायच्या दिव्यापाशी मान टाकलीस तू. केस जळल्याचा वास शेजारच्या टेबलावरच्या बाईला आला. तुला नाही आला. दिव्याचं तोंड जरा इकडे असतं तर? साहेबांनी मला फोन केला तेव्हा मी मोटरच्या खोलीत होतो, हातातला पाना खाली पडला, सात मजले गेला. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. आजही फोन वाजला की मी आधी हातातलं सगळं खाली ठेवतो. मी भितो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. गेले सहा महिने मी घरी येतो तेव्हा घरात कोणीतरी जागं असतं. मला ते पाहिजे. त्यासाठी एक रकाना खोडावा लागला तर मी खोडला.

दातवाली : बोललास ना सगळं? आता मी बोलू?

लिफ्टवाला : बोल.

दातवाली : तुला वाटतं तेव्हा माझे हाल होते आणि आता मी बरी आहे. उलटं आहे रे. तेव्हाही आठच दुखायचं. पण दिवसाचे पाच-सहा तास. बाकीचे तास मी झोपेत असायचे, आणि झोपेत मला अंग नसायचं. मान नाही, कंबर नाही, तळपाय नाहीत. उठले की सगळं परत चढायचं, एकेक करून, पण मधे सुटका होती. तुम्हाला दिसायची ती नुसती पडलेली बाई. मी तिथे सुट्टीवर जायचे. गोळीने झोप नेली. दुखणं जिथल्या तिथे ठेवलं. आता त्याला सतरा तास मिळतात, आणि मी लख्ख जागी असते, एक कळ सुटत नाही माझी.

लिफ्टवाला : पण कामं तर करतेस की. साहेब तोंड भरून कौतुक करतात तुझं.

दातवाली : करणारच. आधी थकवा यायचा. डोळे जड व्हायचे, हात ऐकायचा नाही, तेव्हा मी ब्रश खाली ठेवायचे. तेच माझं थांबणं होतं. आता ते येतच नाही. परवा एका दाढेवर साडेचार तास बसले. एका दाढेवर. मेणात तिच्या खाचा कोरत होते, कोरतच होते. त्या आजोबांना भाकरीचा तुकडा चावता आला म्हणजे झालं, त्यांना ती दाढ कधी दिसणारही नाही. उठायला गेले तर मान वळेना. वजन जास्त झालं की तुमच्या लिफ्टमध्ये ते वाजतं ना, ते कोणी तोडून टाकलं तर तू काय म्हणशील?

लिफ्टवाला : त्याचं लायसन काढून घ्या म्हणेन.

दातवाली : मग तेच झालंय. वाजणं बंद केलंय, माणसं तेवढीच भरलीयत.

लिफ्टवाला : मग त्याला उपाय रविवार ठेवलाय ना डॉक्टरांनी. आठवड्यातून एक दिवस गोळीला खाडा.

दातवाली : रविवार. बरं झालं तूच काढलास विषय. मोज बरं. पहिल्या महिन्यात चार मिळाले. चार रविवार मी सकाळपासून रात्रीपर्यंत झोपले, मेल्यासारखी, आणि सोमवारी सकाळी तुम्हा दोघांसाठी उठले. सोमवार ते शनिवार मी फक्त रविवारवर काढायचे. मंगळवारी वाटायचं चार दिवस, बुधवारी वाटायचं तीन. मग तुझ्या बहिणीने घर बदललं, त्या दिवशी तू म्हणालास, आजच्या दिवस घे ना गोळी, सगळे येणारेत, बरं दिसत नाही.

लिफ्टवाला : एकदा म्हणालो.

दातवाली : मग चिंगीच्या मैत्रिणीचा वाढदिवस. मग साहेबांच्या घरी जेवण. मग तुझ्या मित्राची मुलगी पास झाली. मग काहीच नव्हतं तरी तू म्हणालास, तिघं कुठेतरी जाऊ, किती दिवसांत गेलो नाही. दर वेळी पाण्याचा पेला आणि गोळी तूच आणून द्यायचास. इतक्या प्रेमाने आणायचास की नाही म्हणताच यायचं नाही.

लिफ्टवाला : मला वाटलं तुलाही आवडतंय. तू हसायचीस. सगळ्या रविवारांखाली खुणा आहेत बघ. आणि आता परवाच्या रविवारी चिंगीची स्पर्धा आहे. तिने तुझ्यासाठी जागा धरायला सांगितलीय, वरची, म्हणजे पाठ टेकता येईल. ती उलटी पोहते, पाठीवर, तिला वर आकाश आणि तुम्ही बायका दिसता. दोन वर्षं ती मला म्हणतेय, बाबा, वर बघितलं की सगळ्यांच्या आया असतात. मी काय सांगू तिला? एवढा एक रविवार. ह्याच्यानंतर सगळे तुझे. मी कोणाला घरात पाऊल टाकू देणार नाही. गेले तीन रविवार तर तू मस्त होतीस. हे बघ, तीन तारीख, दहा तारीख आणि सतरा, अजून भरलं नाही पण मला आठवतंय. गोळी सातला. सोळा तास, साडेसोळा तास. डुलकी शून्य, सतराला काय ती एक.

दातवाली : ते खोटं आहे.

लिफ्टवाला : काय खोटं आहे? मी स्वतः मोजलेत तास.

दातवाली : तास बरोबर आहेत. गोळी घेतली नव्हती.

लिफ्टवाला : कधी?

दातवाली : तीनही रविवारी. तू पेला दिलास, मी पाणी प्यायले, गोळी गालात धरली, तू वळल्यावर काढली. लॅबच्या एप्रनच्या खिशात आहेत तीनही. जा, बघून ये.

लिफ्टवाला : कशाला पण? सरळ सांगायचं ना, नको म्हणून.

दातवाली : तुम्हाला नाही म्हणायचं नव्हतं आणि मला झोपही पाहिजे होती. मी ठरवलं, दुपारी दहा मिनिटं पडते म्हणून खोलीत जायचं आणि निदान दोन-तीन तास चोरायचे. तीन तारखेला गेले. तुझी बहीण बाहेर बोलत होती. मी दार लावलं, पडदा ओढला, डावी कूस जरा कमी दुखते म्हणून डावीवर झाले. आणि पडून राहिले.

लिफ्टवाला : मग?

दातवाली : मग काही नाही. आलीच नाही.

लिफ्टवाला : आवाज असेल बाहेर.

दातवाली : मलाही तसंच वाटलं. म्हणून दहा तारखेला तुम्ही दोघं बाजारात गेलात तेव्हा परत पडले. घर चिडीचूप. डोळा मिटला की खांदा बोलायला लागतो, खांदा गप्प झाला की गुडघा. आधी झोप आली की ती ह्या सगळ्यांना बाजूला सारायची. आता ती येतच नाही. सतरा तारखेला अडीच तास भिंतीकडे तोंड करून पडले होते. तू दार उघडून बघितलंस आणि चिंगीला म्हणालास, आई आराम करतेय. आठवतं?

लिफ्टवाला : मला वाटलं डुलकी लागलीय. डुलकी एक, असं लिहिणार होतो.

दातवाली : नको लिहू.

लिफ्टवाला : म्हणजे गोळी न घेता सोळा तास. मग तू जागी कशाने होतीस?

दातवाली : दुखण्याने. तोंड असं करू नकोस. मला वाटतं सहा दिवसांची जाग अंगात मुरलीय. किंवा आजारच पुढे सरकलाय. मला माहीत नाही. एवढंच कळतं की मी जिथे जायचे ते ठिकाण आता नाही. गोळी चालू ठेवली काय, बंद केली काय.

लिफ्टवाला : रात्री झोपतेस की. मी बघतो तुला.

दातवाली : तू झोपलेला असतोस. काय बघतोस? रात्रीच्या गोळीने चार तास मिळतात, तेही कच्चे. साडेतीनला मी उठून इथे ह्याच खुर्चीत बसते, तू उठायच्या आत परत येऊन पडते.

लिफ्टवाला : मग डॉक्टरांना सांगू आपण. झोपेची गोळी वाढवून मागू. दुसरी एखादी असेल. जगात इतकं निघालंय रोज.

दातवाली : एक जागं ठेवायला, एक झोपवायला, एक दुखणं मारायला, एक त्या तिसरीने पोट बिघडतं म्हणून. सगळ्या मी खाल्ल्यायत. मागे विचारलं मी त्यांना, तू गाडी काढायला गेलास तेव्हा. ते चांगले आहेत, खोटं बोलत नाहीत. म्हणाले, ह्याच्यापुढे माझ्याकडे फारसं काही नाही, आहे ते सांभाळून न्यायचं.

लिफ्टवाला : मला बोलली नाहीस.

दातवाली : काय बोलणार? तू कागदावर खुणा करत होतास.

लिफ्टवाला : मी वाईट माणूस नाहीये गं.

दातवाली : नाहीस. वाईट असतास तर सोपं झालं असतं. मी तुझ्यावर दार आपटून निघून गेले असते. तू माझ्यासाठी फुटपट्टीने रेघा मारतोस, मी कुठे जाऊ?

लिफ्टवाला : दे. दे तो कागद. मी आखतो रकाना परत.

दातवाली : राहू दे.

लिफ्टवाला : नाही, आखतो. आठ लिहितो सगळीकडे.

दातवाली : आता नको. तू म्हणतोस ते खरंय. गोळी बंद झाली तर लॅब जाईल. झोप येत नाही तरी दिवसा मेंदूत धुकं येतं, ते गोळीनेच हटतं. धुक्यात दिव्यापाशी बसता येत नाही. नोकरी गेली की मी घरात, जागी, दुखत, रिकामी. त्यापेक्षा दाढा कोरलेल्या बऱ्या. लिही, फरक आहे. औषध लागू पडलंय.

लिफ्टवाला : मला हे लिहवत नाही आता.

दातवाली : मग मी लिहिते. पेन दे.

(बाहेरून कुलपात किल्ली फिरते. चौदा वर्षांची मुलगी आत येते. केस ओले आहेत.)

चिंगी : शू, बोला बोला, मी काही ऐकलं नाही. सराव लवकर सुटला. आई, तू अजून घरी? मला वाटलं तुम्ही निघालात.

दातवाली : साडेचारला निघायचंय. केस पूस आधी. ओलं डोकं घेऊन चार चौक चालत आलीस?

चिंगी : पळत आले. बाबा, बरं झालं तुम्ही पण आहात, दोघांना एकदमच सांगते. रविवारचं ठरलंय माझं.

लिफ्टवाला : काय ठरलंय? वरची जागा मिळाली नाही का?

चिंगी : मिळाली होती, सोडली. आई येणार नाहीये.

दातवाली : असं कोण म्हणालं?

चिंगी : मी म्हणाले. तू मावशीला फोनवर सांगत होतीस ना, मला फक्त एक रविवार पाहिजे गं, एक दिवस मला कोणी उठवू नये. मी चोरून नाही ऐकलं, मी बाथरूममध्ये होते आणि तिथे सगळं ऐकू येतं. बाबा, तुम्हाला माहितेय का, डॉक्टरांनी रविवारी गोळी नको सांगितलंय? आपणच तिला घ्यायला लावतो. मी पण लावली, वाढदिवसाच्या वेळी. मला नंतर इतकं घाण वाटलं.

लिफ्टवाला : चिंगे, ऐक जरा...

चिंगी : चिंगी म्हणू नका, मी चौदाची आहे. पूर्ण ऐका ना. मी सगळं जमवलंय. सकाळी सहाला मला बाबा सोडणार आणि तिथेच थांबणार, म्हणजे घरात खुडबुड करायला कोणी नाही. वरच्या मजल्यावरचा तो दादा रविवारी ड्रिल मशीन चालवतो, त्याला जाऊन सांगून आले. तो म्हणाला, चालेल, मी भोकं शनिवारी पाडतो. बेलची वायर बाबांनी काढून ठेवायची, त्यांना येते. आणि हे. हात पुढे कर आई.

दातवाली : काय आहे?

चिंगी : कानात घालायचे बोळे. पाण्यात घालतात तेच, पण नवे आहेत, माझे वापरलेले नाहीत. असे मळून मऊ करायचे आणि मग घालायचे, काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मी घालून बघितले, सर बोंबलत होते, मला नुसतं त्यांचं तोंड हलताना दिसलं.

लिफ्टवाला : आणि तुझी स्पर्धा? आई तिथे बसलेली तुला पाहिजे होती ना?

चिंगी : पाहिजे होती. पण सिमेंटच्या पायऱ्यांवर चार तास बसून तिचं काय होतं ते मागे एकदा ती आली होती तेव्हा मी बघितलंय. ती टाळ्या वाजवते आणि बोटं अशी धरून ठेवते. मला वरून... म्हणजे पाण्यातून ते दिसतं. त्यापेक्षा ती इथे झोपलेली आहे हे मला माहीत असलं तर मी जास्त जोरात पोहेन. आधी मला राग यायचा तिच्या झोपेचा, खरं सांगते. आता नाही येत. तू रविवारी झोप, आई. पूर्ण दिवस झोप. रागावलीस? मी तुला न विचारता ठरवलं म्हणून?

दातवाली : नाही गं. इकडे ये. वाकू नकोस, मीच उठते.

चिंगी : हळू. दुखतंय का मिठी मारल्यावर?

दातवाली : नाही दुखत.

चिंगी : मग झोपशील ना?

दातवाली : झोपेन.

चिंगी : दिवसभर?

दातवाली : दिवसभर. तू पदक घेऊन आलीस तरी मला कळणार नाही.

चिंगी : पदक वगैरे नाही मिळत हं, चौथी आले तरी खूप झालं. बघा बाबा, हसली. तुमच्या त्या कागदावर खूण करा. मी अंघोळ करून येते, मग मला काहीतरी खायला द्या, भुकेने जीव चाललाय.

दातवाली : गेली का ती?

लिफ्टवाला : गेली. नळ सुरू झालाय. तिला खरं का नाही सांगितलंस?

दातवाली : हळू बोल. बाथरूममध्ये सगळं ऐकू येतं म्हणाली ना.

लिफ्टवाला : तिला सांगितलं असतंस तर ती म्हणाली असती, मग चल, पायऱ्यांवर बस. निदान तिला आई दिसली असती वर. इथे पडून तरी काय होणार तुझं?

दातवाली : तुला तिचा चेहरा दिसला नाही? तीन वर्षं ती माझ्या उशाशी बसून पुटपुटत होती आणि तिला काही करता येत नव्हतं. आज पहिल्यांदा तिला वाटतंय की आपण आईसाठी काहीतरी केलं. तिने त्या ड्रिलवाल्याकडे एकटीने जाऊन बोलायचं धाडस केलं, बाईंना जिचा आवाज ऐकू यायचा नाही त्या पोरीने. तिला मी सांगू, ह्याचा उपयोग नाही? आणि मग ती काय करेल? मला तर काही करता येत नाही, तिला तरी करू दे.

लिफ्टवाला : मग मी काय करू? मला सांग, मी करतो. खरंच करतो.

दातवाली : तिच्याबरोबर जा. सहाला निघा. बेलची वायर काढ, तिने सांगितलंय तशी. ती पाण्यात असताना वर बघेल तेव्हा हात हलव, फोनमध्ये डोकं घालून बसू नकोस.

लिफ्टवाला : आणि तू?

दातवाली : मी पडून राहीन.

लिफ्टवाला : आख्खा दिवस? डोळे उघडे ठेवून?

दातवाली : उघडे ठेवले काय, मिटले काय. फक्त तुम्ही गल्लीत शिरलात की मला एक फोन कर, एकदाच वाजव. तिला आधी माझ्या खोलीत यायचं असेल. दार हळूच उघडून बघेल. तेवढ्या वेळात मला कानात बोळे घालून, डोळे मिटून, कुशीवर वळायला पाहिजे.